विश्लेषण : फिश टँकमधल्या रोपांना किती प्रकाश पुरे? दिव्याच्या खोक्यावरचे ‘वॅट’ का फसवतात?

जिवंत रोपांची मत्स्यटाकी बिघडते ती अनेकदा बेहिशेबी प्रकाशामुळे. दिवा जितका लख्ख तितकी रोपे जोमदार, हा समज विक्रेत्याला सोयीचा आहे, रोपांना आणि माशांना नाही. दिवा निवडताना नेमके काय पाहावे आणि ते खोक्यावर का छापलेले नसते, याचा आढावा.

वाशी, नेरुळपासून खारघर, कामोठ्यापर्यंतच्या घरांत दिवाणखान्यातला फिश टँक नवा नाही. नवे आहे ते त्यातले जंगल. प्लास्टिकची झाडे आणि निळे खडे जाऊन त्यांच्या जागी जिवंत रोपे, लाकडाचा ओंडका आणि दगड आले आहेत. मोबाइलवर पाण्याखालच्या हिरवळीची एखादी रील दिसते आणि कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून, नाहीतर ऑनलाइन, सामान घरी येते. त्यात सर्वात झगमगीत वस्तू असते ती म्हणजे दिवा.

पुढचा क्रमही ठरलेला आहे. पहिले दहा दिवस टाकी सुंदर दिसते. तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवा थर येतो, पानांच्या कडांना केसासारखे शेवाळ लोंबू लागते. रोपे अशक्त वाटतात म्हणून दिवा आणखी दोन तास सुरू ठेवला जातो. पाणी हिरवे होते, पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दोन-तीन महिन्यांत टाकी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘स्टँडसह विकणे आहे’ म्हणून झळकते. यात काही हजार रुपये जातात, पण त्याआधी मासे जातात. हे टाळणे अवघड नाही. त्यासाठी महागडा दिवा लागत नाही, थोडा हिशेब लागतो.

वॅटचा हिशेब का चुकतो?

मत्स्यपालनाच्या छंदात दर लिटरला साधारण अर्धा वॅट असा एक जुना आडाखा आहे. तो ट्यूबलाइटच्या काळातला. त्या वेळी सगळ्यांच्या टाकीवर जवळपास एकाच प्रकारच्या नळ्या असत. त्यामुळे वॅट म्हणजे किती प्रकाश, याचा अंदाज बांधता येई. जुन्या ट्यूबमधून एका वॅटला ढोबळमानाने ५० ते ६० ल्युमेन प्रकाश मिळे. तोही चहूबाजूंना पसरे आणि वरच्या झाकणात बराच वाया जाई.

एलईडीने हे गणित मोडले. चांगला एलईडी एका वॅटला १०० ल्युमेन किंवा त्याहून अधिक प्रकाश देतो आणि तो थेट खाली पाडतो. म्हणजे ५० लिटरच्या टाकीवर २५ वॅटची ट्यूब आणि २५ वॅटचा एलईडी यांत दुपटीहून अधिक फरक पडतो. दुसरीकडे, हलक्या दर्जाचा एलईडी तेवढेच वॅट खाऊन निम्माच प्रकाश देऊ शकतो. शिवाय काही दिव्यांवर प्रत्यक्ष विजेचा वापर छापलेला नसतो, आतल्या चिपांच्या कमाल क्षमतेची बेरीज छापलेली असते. ‘३६ वॅट’ लिहिलेला दिवा प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याने वीज घेत असेल, तर ग्राहकाला ते कळायला मार्ग नाही.

वॅट हे वीज किती लागते याचे माप आहे. प्रकाश किती मिळतो हे त्यावरून कळत नाही. पेट्रोल किती जळाले यावरून गाडी किती किलोमीटर गेली हे सांगण्यासारखा तो प्रकार आहे.

डोळ्याला लख्ख दिसणारा प्रकाश रोपाला पुरतो का?

माणसाच्या डोळ्याला हिरवट-पिवळा प्रकाश सर्वाधिक तेजस्वी दिसतो. त्याची तरंगलांबी सुमारे ५५५ नॅनोमीटर. ल्युमेन हे माप याच डोळ्याच्या आवडीनुसार बेतलेले आहे. रोपातले हरितद्रव्य मात्र निळा आणि लाल प्रकाश अधिक शोषते. म्हणून रोपांसाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला सगळा प्रकाश मोजतात. या मापाला ‘पीएआर’ म्हणतात. दर सेकंदाला एका चौरस मीटरवर प्रकाशाचे किती कण पडतात, ते मायक्रोमोलमध्ये सांगितले जाते. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात हा आकडा २,००० च्या आसपास असतो. रोपांच्या टाकीच्या तळाशी २० ते ५० असला तरी बहुतेक घरांचे काम भागते.

दुसरा आकडा केल्विनचा. तो प्रकाशाची छटा सांगतो. साध्या बल्बचा पिवळसर प्रकाश २,७०० ते ३,००० केल्विनचा, तर घरोघरी लागणारा ‘कूल डे लाइट’ पांढरा प्रकाश ६,५०० केल्विनचा असतो. गोड्या पाण्यातल्या रोपांना ६,५०० केल्विनच्या आसपासचा पांढरा प्रकाश व्यवस्थित चालतो आणि डोळ्यालाही नैसर्गिक वाटतो. १०,००० केल्विनच्या पुढचा निळसर प्रकाश मुख्यतः समुद्री प्रवाळांच्या टाक्यांसाठी असतो. तो गोड्या पाण्याच्या टाकीवर लावला म्हणून रोपे लगेच मरत नाहीत, पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

‘रोपांना फक्त लाल आणि निळा प्रकाश लागतो’ हे वाक्यही अर्धसत्य आहे. पाने हिरवा प्रकाशही काही प्रमाणात वापरतात. केवळ लाल-निळ्या चिपांचा जांभळट दिवा लावला तर रोपे वाढतील, पण दिवाणखान्यातली टाकी दारूच्या बारसारखी दिसेल. पांढऱ्या चिपांसोबत थोड्या लाल चिपा असलेला दिवा रोपांचे आणि माशांचे रंग खुलवतो. ती दिसण्याची गोष्ट झाली, वाढीसाठीची अट नव्हे.

कोणत्या रोपाला किती प्रकाश हवा?

दिव्याचा विचार दुकानातून सुरू न करता रोपाच्या मूळ गावापासून सुरू केला, तर निम्मा गोंधळ मिटतो. त्यासाठी फार लांब जायलाही नको. ‘क्रिप्टोकोरिन’ या टाकीतल्या लोकप्रिय वंशाच्या काही जाती पश्चिम घाटातल्या आणि कोकणातल्या ओढ्या-नद्यांत उगवतात. यातली क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा ही जात महाराष्ट्राच्याच प्रदेशातली. या वंशातल्या अनेक जाती काठच्या झाडांच्या सावलीत, गढूळ किंवा वाहत्या पाण्यात वाढतात. त्यांना मंद प्रकाशाची सवय असते.

याउलट भातखाचरांच्या आणि पाणथळ माळांच्या कडेने वाढणाऱ्या ‘रोटाला’ वंशातल्या रोपांना उघड्या आकाशाची सवय असते. त्यातली लालबुंद दिसणारी रोटाला मॅक्रँड्रा मूळची भारतातलीच. ती टाकीत लाल राहावी असे वाटत असेल तर भरपूर प्रकाश आणि सोबत कार्बन डायऑक्साइडही द्यावा लागतो. कमी प्रकाशात तिचे खालचे दांडे उघडे पडतात आणि पाने फिकी होतात.

ढोबळ वर्गवारी अशी करता येते. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस, क्रिप्टोकोरिन, व्हॅलिसनेरिया यांना मंद प्रकाश पुरतो. तळाशी २० ते ३० मायक्रोमोल मिळाले तरी ती तग धरतात आणि हळूहळू वाढतात. अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, हायग्रोफिला, तसेच आपल्याकडे ओलसर जागी आढळणारी आणि आयुर्वेदात वापरली जाणारी नीरब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, यांना मध्यम, म्हणजे ३० ते ५० मायक्रोमोल प्रकाश ठीक. तळावर गालिचा पसरवणारी बारीक पानांची रोपे आणि लाल रोपे ५० च्या पुढे प्रकाश मागतात. हे आकडे काटेकोर सीमारेषा नाहीत, दिशा दाखवणारे आहेत.

इथे एक सावधगिरीही हवी. सह्याद्रीतली पाणवनस्पती आहे म्हणून ती फिरायला गेल्यावर उपटून आणणे चुकीचे आहे. साताऱ्याच्या पठारांवर आढळणारा वायतुरा, म्हणजे अपोनोजेटन सातारेन्सिस, जगात फार थोड्या ठिकाणी उरला आहे. तिथले दव, धुके आणि पावसाळ्यापुरते साचणारे उथळ पाणी दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत उभे करता येत नाही. टाकीसाठीची रोपे रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्यावीत.

जास्त प्रकाशाने शेवाळ का वाढते?

याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत अनेकांनी पाहिले आहे. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यावर उलटे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. दिवा जवळ आणला की ऑक्सिजनचे बुडबुडे वाढतात. पाणवनस्पती प्रकाशातच ऑक्सिजन सोडतात हे यान इंगेनहाउस या डच वैद्यक-संशोधकाने १७७९ मध्ये दाखवून दिले होते. शाळेतला प्रयोग त्याचाच वारसा.

पण त्या प्रयोगातली एक गोष्ट सहसा लक्षात राहत नाही. शिक्षक पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकत. त्यातून रोपाला कार्बन मिळे. सोडा न टाकता दिवा कितीही जवळ आणला, तरी एका मर्यादेनंतर बुडबुडे वाढत नाहीत. रोपाला प्रकाश ही ऊर्जा आहे, तर कार्बन डायऑक्साइड हा कच्चा माल. भट्टी कितीही तापवली तरी पीठच नसेल तर पाव तयार होणार नाहीत.

घरच्या टाकीत नेमके हेच घडते. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात, आपल्याकडच्या तापमानाला, कार्बन डायऑक्साइड लिटरमागे अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम इतकाच असतो. शिवाय वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतात, त्यामुळे पानाजवळचा साठा लवकर संपतो. सिलिंडर लावून हौशी लोक हे प्रमाण २० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत नेतात, तेव्हा तीव्र प्रकाशाचा उपयोग होतो. सिलिंडर नसताना तोच दिवा लावला तर रोपांना न वापरता आलेला प्रकाश शेवाळाच्या वाट्याला जातो. शेवाळाच्या गरजा फार थोड्या असतात. माशांची विष्ठा, उरलेले खाद्य आणि उजेड एवढ्यावर ते फोफावते. नव्या टाकीत रोपांची मुळे रुजलेली नसतात आणि उपयुक्त जिवाणू पुरेसे वाढलेले नसतात, म्हणून पहिले दोन महिने सर्वाधिक धोक्याचे.

डेन्मार्कमधील संशोधक आंडरसन आणि पेडरसन यांनी रिचिया या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतीवर प्रयोग करून २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रकाश कमी असतानाही कार्बन डायऑक्साइड वाढवल्यास वाढ सुधारते, असे त्यात दिसले. टाकीसाठी त्याचा अर्थ साधा आहे. हात सैल सोडायचाच असेल तर दिव्याआधी कार्बनचा विचार करावा. मात्र शाळेतला सोड्याचा प्रयोग टाकीत करू नये. त्याने पाण्याची अल्कता एकदम वाढते आणि माशांना त्रास होतो.

नवी मुंबईतल्या घरांत वेगळे काय?

पहिला प्रश्न खिडकीचा. अनेक घरांत टाकी बाल्कनीच्या दाराशी किंवा पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवतात, कारण जागा तिथेच असते. थेट उन्हाची तीव्रता एक लाख लक्सच्या घरात जाते, तर बैठकीच्या खोलीत दिवसा १०० ते ३०० लक्स असतात. म्हणजे दुपारचे तासभर ऊन टाकीवर पडले, तर वर लावलेल्या दिव्याचा सगळा हिशेब कोलमडतो. जून ते सप्टेंबरमध्ये आभाळ भरलेले असते म्हणून टाकी स्वच्छ राहते आणि ऑक्टोबरमध्ये ऊन परतले की अचानक हिरवी होते, असा अनुभव येतो तेव्हा दोष पाण्याला दिला जातो. आधी पडदा ओढून पाहावा.

दुसरा प्रश्न उकाड्याचा. एप्रिल-मेमध्ये बंद घरातल्या टाकीचे पाणी सहज ३० अंशांच्या पुढे जाते. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. त्याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. बंद झाकणात बसवलेला जास्त वॅटचा दिवा यात भरच घालतो. एलईडी ट्यूबपेक्षा कमी तापतो हे खरे, पण ‘एलईडी तापतच नाही’ हे खरे नाही. त्याची उष्णता मागच्या पट्टीतून बाहेर पडते. ती पट्टी प्लास्टिकच्या झाकणात कोंडलेली असेल तर दिव्याचेही आयुष्य घटते. टाकीपासून थोडा वर टांगलेला किंवा स्टँडवर बसवलेला दिवा उन्हाळ्यात बरा.

तिसरा प्रश्न वेळेचा. आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहोत. इथला सर्वात लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वात मोठा १३ तासांहून किंचित जास्त असतो. म्हणून टाकीलाही बारा तास उजेड हवा असे वाटते. पण नैसर्गिक उजेड सकाळ-संध्याकाळ मंद असतो, दिवा मात्र पहिल्या मिनिटापासून पूर्ण ताकदीने जळतो. नव्या टाकीला सहा तास, रुजल्यावर सात-आठ तास पुरतात. हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर मार्गावरून रात्री आठला घरी पोहोचणाऱ्याने सकाळी नऊला दिवा लावून जाण्यात काय हशील? टायमरवर दुपारी तीन ते रात्री दहा अशी वेळ लावली तर टाकी घरच्यांना पाहता येते आणि प्रकाशही मर्यादेत राहतो. चकतीचा साधा टायमर वीज गेली की तितका वेळ मागे पडतो, हे लक्षात ठेवून तो मधूनमधून जुळवून घ्यावा.

दोन फुटी टाकीचा हिशेब कसा मांडावा?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे ६० बाय ३० बाय ४५ सेंटिमीटरची टाकी घेऊ. तिची घनक्षमता ८१ लिटर. माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी ६५ ते ७० लिटर. हौशी लोकांत रूढ असलेला एलईडीचा आडाखा असा : मंद प्रकाशाच्या रोपांना लिटरमागे १० ते २० ल्युमेन, मध्यम रोपांना २० ते ४०, त्यापुढे तीव्र. सिलिंडर नसलेल्या या टाकीला लिटरमागे १५ ते २५ ल्युमेन धरले तर साधारण १,००० ते १,७५० ल्युमेन पुरेसे. दर वॅटला १०० ल्युमेन देणारा दिवा असेल तर हे काम १० ते १८ वॅटमध्ये होते.

टाकीची उंचीही पाहायला हवी. दिव्यापासून अंतर वाढले की प्रकाश पसरतो आणि तळाशी कमी पोहोचतो. एक फूट उंचीच्या टाकीत जो दिवा मध्यम ठरतो, तोच दीड-दोन फूट उंचीच्या टाकीत मंद ठरतो. म्हणून उंच टाकीत गालिच्याची रोपे लावण्याचा हट्ट महागात पडतो. दिवा टाकीच्या लांबीइतकाच घ्यावा, नाहीतर दोन्ही कोपरे अंधारात राहतात.

विजेचे बिलही हिशेबात घ्यावे. १५ वॅटचा दिवा रोज आठ तास लावला तर महिन्याला ३.६ युनिट लागतात. ६० वॅटचा दिवा दहा तास लावला तर १८ युनिट. सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांना पडते असे मानले, तर पहिल्याला ३६ रुपये, दुसऱ्याला १८० रुपये. महावितरणच्या बिलात वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष फरक आणखी मोठा असू शकतो.

मोबाइलने प्रकाश मोजता येतो का?

ढोबळमानाने येतो. रोपांसाठीचे पीएआर मीटर महाग असते, पण बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणारा प्रकाशसंवेदक असतो. तो समोरच्या बाजूला, कानाशी धरतो त्या भागाजवळ असतो. लक्स मोजणारे मोफत अ‍ॅप घेऊन, टाकी भरण्यापूर्वी, फोन तळाच्या पातळीवर स्क्रीन वर करून ठेवावा आणि दिवा लावून आकडा पाहावा. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागले तर मायक्रोमोलचा अंदाज येतो. म्हणजे २,१०० लक्स असतील तर सुमारे ३० मायक्रोमोल, ३,५०० असतील तर सुमारे ५०.

यात चूक राहतेच. प्रत्येक फोनचा संवेदक वेगळा, आणि लाल-निळ्या चिपांच्या दिव्याला हे गुणोत्तर लागू पडत नाही. भरलेल्या टाकीत काचेचे प्रतिबिंब आणि पाण्याचा रंग आकडा बदलतो. तरीही मधोमध आणि कोपऱ्यात किती फरक आहे, दिवा चार इंच वर नेल्यावर काय होते, हे पाहायला फोन पुरेसा आहे. टाकी आधीच भरलेली असेल तर फोन पाण्यात बुडवण्याचा मोह टाळावा. तेवढेच अंतर टाकीबाहेर दिवा धरून मोजता येते.

माशांना प्रकाश हवा की अंधार?

रोपांच्या चर्चेत मासे विसरले जातात, आणि पहिला त्रास त्यांनाच होतो. माशांना पापण्या नसतात. अंधाऱ्या खोलीत एकदम प्रखर दिवा लागला की ते दचकून काचेवर आदळतात. नियॉन टेट्रासारखे मासे मूळचे जंगलातल्या सावलीच्या, चहाच्या रंगाच्या पाण्यातले. त्यांना उघड्या झगझगाटात ठेवले तर ते कोपऱ्यात दबून राहतात, रंगही फिका पडतो. तरंगणारी थोडी रोपे किंवा ओंडक्याखालची सावली त्यांना आसरा देते. दिवा लावण्याआधी दहा मिनिटे खोलीतला दिवा लावावा. हळूहळू उजळण्याची सोय असलेला दिवा असेल तर उत्तम.

रात्र ही माशांची गरज आहे, हे तर सर्वात महत्त्वाचे. शोभेसाठी निळा ‘मूनलाइट’ रात्रभर सुरू ठेवण्याची फॅशन थांबायला हवी. कृत्रिम प्रकाश प्राण्यांच्या दिनक्रमात ढवळाढवळ करतो, हे नवी मुंबईला नव्याने सांगायची गरज नाही. २०२४ मध्ये नेरुळच्या डीपीएस तलाव परिसरात फ्लेमिंगो मृतावस्थेत सापडले, तेव्हा आसपासच्या एलईडी दिव्यांच्या झोताचा मुद्दा पर्यावरणप्रेमींनी मांडला होता. खाडीकाठच्या पक्ष्यांसाठी जी काळजी वाटते, ती काचेमागच्या माशासाठीही वाटायला हरकत नाही. पक्षी उडून जाऊ शकतो, माशाला तेवढीही मोकळीक नाही.

पाणी आणि वीज एकत्र, मग सुरक्षेचे काय?

टाकीवरचा दिवा हा पाण्यापासून वीतभर अंतरावर लटकणारे विजेचे उपकरण असते. म्हणूनच अशा दिव्यांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने स्वतंत्र सुरक्षा-मानक केले आहे. खरेदी करताना अ‍ॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, दिव्यावर जलरोधक दर्जा, म्हणजे ‘आयपी ६७’ किंवा ‘आयपी ६८’ छापला आहे का, हे पाहावे. वायर सॉकेटकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्यावी. म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळातून खाली पडते, सॉकेटमध्ये शिरत नाही. घरच्या वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असणे हा सर्वात स्वस्त विमा आहे. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणे बंद, हा नियम लहान मुलांनाही शिकवावा. खाडीकाठच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात पट्टीच्या जोडांवर गंज चढतो. दर दोन-तीन महिन्यांनी दिवा काढून कोरड्या फडक्याने पुसला तर गंजही दिसतो आणि क्षारांच्या थरामुळे घटलेला प्रकाशही परत मिळतो.

मग महागडा दिवा कोणासाठी?

तीव्र प्रकाश निरर्थक आहे, असे अजिबात नाही. जपानचे ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी निसर्गदृश्यासारखी टाकी सजवण्याची शैली जगभर रुजवली. लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीची टाकी उभारली होती. अशी दृश्ये तीव्र प्रकाश, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, पोषक माती, खतांचे वेळापत्रक, दर आठवड्याला पाणी बदलणे आणि सतत छाटणी यांच्या जोरावर उभी राहतात. ज्याला ही कला शिकायची आहे त्याने चांगला दिवा जरूर घ्यावा. तीव्रता कमी-जास्त करता येणारा असेल तर अधिक चांगला.

पण बाजार हा फरक सांगत नाही. तो सिलिंडरवाल्या टाकीचे चित्र दाखवून बिनसिलिंडरच्या टाकीला तोच दिवा विकतो. पहिल्या टाकीसाठी मध्यम दिवा, चिवट रोपे आणि टायमर हा संच योग्य आहे. टायमरची किंमत काही शेकड्यांत असते आणि दिव्याच्या खालोखाल फरक त्यानेच पडतो. शेवाळ दिसले की आधी तास कमी करावेत, मग दिवा वर उचलावा. रसायनाची बाटली सर्वात शेवटी.

खोक्यावर काय छापलेले असायला हवे?

खरा प्रश्न इथे आहे. घरात लावायच्या साध्या एलईडी बल्बच्या खोक्यावर वॅट, ल्युमेन आणि केल्विन हे आकडे असतात, ऊर्जाबचतीचे तारेही असतात. त्याच्या कितीतरी पट किमतीच्या अ‍ॅक्वेरियम दिव्यावर अनेकदा फक्त वॅट, टाकीची लांबी आणि ‘सुपर ब्राइट’ एवढेच असते. ज्याला जीव जगवायचा आहे त्याला कमी माहिती आणि ज्याला फक्त खोली उजळायची आहे त्याला जास्त, हे उफराटे आहे.

मागणी फार मोठी नाही. प्रत्यक्ष वीजवापर, एकूण ल्युमेन, केल्विन, जलरोधक दर्जा आणि ३० व ४५ सेंटिमीटर अंतरावर मिळणारा पीएआर, असे पाच आकडे प्रत्येक खोक्यावर असावेत. आयात वस्तूंवर कमाल किंमत, आयातदाराचे नाव आणि मूळ देश छापणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहेच, त्यात हे पाच आकडे बसायला जागेची अडचण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद करतो. ‘३६ वॅट’ लिहून त्याच्या निम्म्याने चालणारा दिवा त्या कक्षेत का येऊ नये?

नियम होतील तेव्हा होतील. तोवर ग्राहकाच्या हातात एक साधा उपाय आहे. दुकानात ‘किती वॅटचा आहे?’ असे न विचारता ‘ल्युमेन किती आणि किती उंचीच्या टाकीसाठी?’ असे विचारावे. उत्तर देता आले नाही, तर ल्युमेन छापलेला, ६,५०० केल्विनचा, दोन फुटी साधा एलईडी बॅटन टाकीच्या वर काचेचे झाकण ठेवून सुरक्षित अंतरावर टांगला तरी क्रिप्टोकोरिन आणि अनुबियास निवांत वाढतील. हा प्रश्न पुरेशा ग्राहकांनी विचारला, तर विक्रेत्यालाही खोक्यावर आकडे छापलेला माल मागवावा लागेल.